पाण्यापुढे जनाचं नाव

वरच्या ऑफिसातून कागद आला की मी आधी चहा घेतो आणि मग वाचतो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर दुसऱ्या वर्षी आलेल्या कागदात लिहिलं होतं की नव्या संशोधन सहायकांना ‘कामाचे नियोजन व सांघिक वृत्ती’ यांचं प्रशिक्षण द्यावं. कर्जतजवळच्या आमच्या लहानशा भात केंद्रात असे सहायक तीन, आणि शिकवणारा मी एकटा. इतकी वर्षं चिखलात काढून मी एवढंच शिकलो होतो की दोन शास्त्रज्ञ एका बांधावर फार वेळ गोडीगुलाबीनं राहत नाहीत. आता सांघिक वृत्ती शिकवायची म्हणजे आधी ती कुठून तरी आणायला हवी होती.

तिघांची ओळख करून देतो. गजा नेरळचा, तोंडानं फटकळ, हिशेबाला पक्का. सखाराम पोशीरचा, घरची भातशेती, स्वभाव इतका मऊ की कुणी पाय दिला तर हाच माफी मागेल. आणि जना शिळफाट्याची. तिचे वडील खोपोलीच्या कारखान्यात कामाला, छप्पन साली बौद्ध झालेलं घर, आणि त्या घरातली शेतकी पदवी घेतलेली ही पहिलीच. तिघांची नेमणूक हंगामापुरती होती. हंगामाच्या शेवटी प्रत्येकानं स्वतःचं काम काय केलं ते मी लिहून पाठवायचं आणि त्यावर कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार. जनाला घरी जायचं नव्हतं. ते तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, काही न मागता, नुसतं सांगितलं.

कागदात म्हटल्याप्रमाणे मी फळ्यावर तक्ता काढला. एका प्रयोगाची कामं तीन माणसांत वाटायची, ज्याचं काम त्यानंच करायचं, आणि आपलं काम झालं की पुढच्याला तसं सांगायचं. प्रयोग साधा होता. सखारामच्या वडिलांनी, धर्माजींनी, पोशीरमधली एकाखाली एक अशी दोन खाचरं दिली होती. दोन्हींत भाताची एकच जात. वरच्या खाचराला युरिया, खालच्याला काहीच नाही, आणि पिकात किती फरक पडतो ते बघायचं. युरिया टाकण्याआधी वरच्या खाचरातलं पाणी काढायचं आणि टाकल्यावर बांधाचं तोंड, म्हणजे खालच्या खाचरात पाणी सोडायची फट, दोन दिवस घट्ट बंद ठेवायचं, नाहीतर खत पाण्याबरोबर खाली जातं. चिठ्ठ्या टाकल्या. रोपं आणि मोजमाप सखारामकडे, खत गजाकडे, पाणी जनाकडे.

हंगाम सुरळीत चालला होता. निदान केंद्रात बसून तसं वाटत होतं. जना रोज सकाळी पाण्याची खबर द्यायची, गजा त्यावर आपलं काम करायचा, सखाराम दोघांचं ऐकून मान हलवायचा. मी वर कळवलं की सांघिक वृत्ती चांगली मूळ धरते आहे. असं लिहिताना माझा हात जरा अडखळायला हवा होता, पण तो सरसर चालला.

गणपती झाल्यावर मी तिघांना घेऊन पोशीरला गेलो. पाऊस उघडला होता. धर्माजी छत्री बगलेत धरून बांधावर उभे होते. मी खालचं खाचर बघितलं आणि मग पुन्हा वरचं. ज्या भाताला खताचा दाणा मिळालेला नव्हता ते काळपट हिरवं, मस्त फोफावलेलं, आणि वरचं खत मिळालेलं भात त्याच्यापुढे फिकट. गजाच्या ते लगेच लक्षात आलं.

“सर, मी टाकलं ते वरतीच टाकलं,” तो म्हणाला. “जनानं सांगितलं तोंड बंद हाय, तेव्हाच पोतं उघडलं.”

“तू बंद केलंस?” मी जनाला विचारलं.

“बंद होतं, सर.”

“कुठलं तोंड? दाखव मला.”

वरच्या आणि खालच्या खाचरामधला बांध चांगला लांब होता आणि त्यावर गवत माजलं होतं. जनानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. मग पुन्हा बघितलं. तिचा चेहरा उतरत गेला आणि मला समजलं की या मुलीला तोंड कुठं आहे ते माहीतच नाही. ज्या पाण्याची खबर ती रोज मला देत होती, ते पाणी तिनं बघितलेलंच नव्हतं.

मला संताप आला. एवढी हुशार पोर, आणि असं खोटं? मी काही बोलणार तोच सखाराम पुढे झाला.

“सर, तिची चूक नाय. पाणी मी बघायचो. रोज सकाळी बघून केंद्रात यायचो नि तिला सांगायचो, ती तुमाला. तुझं काम मी करतो म्हणून मीच सांगितलं तिला.”

“का?”

सखारामनं वडिलांकडे बघितलं. धर्माजी दूर कुठंतरी बघत होते.

“पहिल्या दिवशी आमी तिघं घरी आलो होतो,” तो म्हणाला. “आईनं चहा दिला. आमाला कपबशीत. हिला कोनाड्यातल्या वेगळ्या पेल्यात. तेव्हाच ठरवलं, हिला परत इथं यायची पाळी आणायची नाय. उगाच तिचा अपमान कशाला.”

“आणि तोंड उघडलं कोणी?”

“मीच. खताच्या दिवशी सकाळी बंद केलं होतं. दुपारी गजा खत टाकून गेला, नि चांगोकाका आला. त्याचं शेत आमच्या खाली. म्हणाला, थोडं पाणी सोड रं, रोपं सुकतात. सख्खा काका. त्याला नाय कसं म्हणू? घटकाभरच उघडलं, सर.”

आता सगळं उलगडलं. केंद्रातल्या सखारामला ठाऊक होतं की दोन दिवस तोंड उघडायचं नाही. पण बांधावर उभा होता तो धर्माजींचा मुलगा, आणि काकाला नाही म्हणणं त्याच्या घरात बापजन्मात कुणाला जमलं नव्हतं. जना तिथं असती तर तिनं सरळ नाही म्हटलं असतं. चांगो तिचा कोणी लागत नव्हता. चिठ्ठीनं कधी नव्हे ते योग्य माणसाला योग्य काम दिलं होतं.

“सगळा दोष माझा लिहा, सर,” सखाराम म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती.

“गप रे,” जना म्हणाली. ती इतक्या हळू बोलली की गजानंसुद्धा मान वळवली. “माझं काम तू केलंस. आता माझी चूक पण तूच घेतोस?”

“अगं, तुझ्यासाठीच—”

“तो पेला मला दिसला नव्हता असं वाटलं तुला? मी चहा प्यायले नि कामाचं बोलले. मला इथं पाणी बघायला यायचं होतं, पाहुणचाराला नाय. तुला माझी लाज राखायची नव्हती, सखाराम. तुझ्या घराची राखायची होती.”

सखारामनं मान खाली घातली.

जना माझ्याकडे वळली. “सर, तो मला नको येऊ म्हणाला, नि मी नाय आले. मलाही बरंच वाटलं होतं त्या वेळी. मग न बघता तुमाला रोज सांगत गेले. हा दोष माझा. तसाच लिहा.”

“नेमणूक जाईल तुझी,” मी म्हणालो.

“जाईल. पण या अख्ख्या हंगामात माझं स्वतःचं असं तेवढंच आहे. ते तरी दुसऱ्याच्या नावावर नको.”

मी तसंच लिहिलं. सखारामचंही लिहिलं, काकासकट. वरच्यांना सखारामचा मोकळेपणा आवडला. तो आणि गजा कायम झाले आणि जनाला आणखी एक वर्ष हंगामी ठेवलं. मी भांडलो, दोनदा अलिबागला वरच्या ऑफिसात खेटे घातले, उपयोग झाला नाही. अजून आठवलं की चिडतो.

पण त्या दिवशी पोशीरच्या बांधावर हे कुणालाच माहीत नव्हतं. जनानं चपला काढल्या, साडी खोचली आणि बांधावरून चालायला लागली. सखाराम सवयीनं तोंड दाखवायला पुढे निघाला.

“तू थांब,” ती म्हणाली. “मी शोधते.”

वाटेत धर्माजी उभे होते. बांध एका माणसापुरताच रुंद होता. ती जवळ आली तसे ते खाली खाचरात उतरून उभे राहिले. वाट दिली की अंग चोरलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. जना थांबली नाही. पायानं गवत बाजूला सारत, वाकून बघत ती पुढे गेली आणि पार पलीकडच्या टोकाला खाली बसली. तिथं अजून बारीकसं पाणी पाझरत होतं. दोन्ही हातांनी चिखल उपसून तिनं तिथं थापला, वर पाय देऊन दाबला, आणि पाणी थांबलं का ते बराच वेळ बघत राहिली. आम्ही चौघं तिच्याकडे बघत होतो.

मग ती उठली आणि तिथूनच मला म्हणाली, “सर, आता बंद हाय. मी बघितलं.”