लोखंड बंद

कुलूपवाल्याने दुकान बंद करून नऊ वर्षं झाली होती, तरी गल्लीत कुणाचं दार अडलं की हाक त्यालाच जायची. तो जायचा, कुलूप उघडून द्यायचा, चहाला नको म्हणायचा आणि लगोलग परत फिरायचा. कारण त्याचा जीव आता कुलपात उरला नव्हता, तो मशीनमध्ये होता. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, कानाला हेडफोन. चकती जमिनीलगत फिरवत चालायचं, खाली धातू असला की कानात वाजतं, मग गुडघे टेकायचे आणि खुरप्याने उकरायचं. लोक हसायचे. हसेनात का बापडे, त्याचं काय जात होतं?

बरं, सापडायचंही. त्याच्या खोलीत सोळा खणांचं कपाट होतं. एका खणात गणवेशांची पितळी बटणं, एकात शिंप्यांची अंगुस्तानं, एकात चलनातून गेलेली नाणी. शिशाचा तीन पायांचा घोडा, माउथ ऑर्गनची पट्टी, कुणाच्या तरी चष्म्याची एक काडी. प्रत्येक वस्तूखाली त्याच्या हातची चिठ्ठी: काय, कुठे, किती खोल, कुणाची. शेवटच्या ओळीत बहुतेक ठिकाणी ‘माहीत नाही’ असंच असायचं. दुसरा कुणी असता तर ती ओळ केव्हाच गाळून मोकळा झाला असता. हा गाळत नव्हता.

त्याचं कारण जुनं होतं. लग्नाला चारच महिने झाले होते तेव्हा त्याच्या आईची अंगठी हरवली. पातळशी, सोन्याची. आई म्हणाली, “मी स्वयंपाकघरात फळीवर ठेवली होती.” आता त्या दिवशी स्वयंपाकघरात दिवसभर एकटी कोण होती? नवी सून. कुणी तिला चोर म्हटलं नाही. घरातली माणसं अशा वेळी चोर म्हणत नसतात, नुसती डबे मोजायला लागतात. थोरली बहीण मात्र फटकळ. ती म्हणाली, “फळीला काही पाय फुटत नाहीत.” आणि हा काय म्हणाला? काही नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

सतरा वर्षांनी आई गेली. जाण्याच्या दोन दिवस आधी तिने सुनेला जवळ बोलावलं, हात हातात घेतला आणि म्हणाली, “जाऊ दे पोरी, मी तुला माफ केलं.” जे घेतलंच नाही त्याची माफी! सुनेने पांघरूण नीट केलं आणि ती बाहेर आली. पुढे कधी तिने बोटात अंगठी घातली नाही. त्याने दोनदा करून आणली. दोन्ही कपाटात पडून राहिल्या.

म्हणून मशीन घरी आलं तेव्हा तो नदीकाठी गेला नाही, मोडक्या बाजारतळावर गेला नाही. पहिल्यांदा त्याने स्वतःचं अंगण घेतलं. अंगठी अंगणात पडली असेल, सापडली तर बायकोवरचा डाग धुतला जाईल, असं त्याच्या मनात होतं. नऊ वर्षांत सात वेळा त्याने अंगण पालथं घातलं. अंगठी काही मिळाली नाही. आणि प्रत्येक वेळी मशीन गप्प बसलं की त्याच्या मनात एक घाणेरडी शंका मान वर करायची. अंगणात नाही, घरात नाही, मग गेली कुठे? तो ती शंका दाबायचा. पण दाबलेली शंका मरत नाही, हे काय मी सांगायला हवं?

आता मुलीने अंगणात फरशी घालायचं ठरवलं होतं. आईचा, म्हणजे याच्या बायकोचा, पाय चिखलात घसरतो म्हणून. गवंडी सोमवारी येणार होता. फरशी पडली की झालं. मग जे काही आहे ते कायमचं खालीच राहणार.

बुधवारी शिंपीण आली. तिला बटणांचं वेड, मशीनही तिने याच्याच सल्ल्याने घेतलेलं. खणातली बटणं बघता बघता ती म्हणाली, “काका, अंगण शेवटचं एकदा बघून घेऊ या का? मी पण येते.”

“सातदा बघितलंय.”

तरी ती उठलीच. त्याचं मशीन तिने हातात घेतलं, कुठल्या धातूला वाजायचं ते दाखवणाऱ्या पडद्याकडे बघितलं आणि थांबली. “तुमचं लोखंड बंद आहे.”

“मग काय चालू ठेवू? याच अंगणात तीस वर्षं कानस घासली मी. खिळे, कीस, मोडक्या किल्ल्या, पावलापावलाला लोखंड आहे. चालू ठेवलं तर मशीन बोंबलत सुटेल, कान फुटतील माझे.”

“पण काका,” ती चाचरत म्हणाली, “तुम्हीच तर शिकवलंत मला. लोखंडाला चिकटून सोनं असलं आणि लोखंड बंद असलं, तर सोनंही बोलत नाही.”

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. प्रत्येक नवख्याला तो पहिल्याच दिवशी हे सांगायचा. दुसऱ्यांच्या शेतात तो एकेक गंजका खिळा उकरून बघायचा. स्वतःच्या अंगणाचं मात्र त्याने ठरवूनच टाकलं होतं की इथलं लोखंड म्हणजे आपलाच कचरा, त्यात ऐकण्यासारखं काय असणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. त्याने मशीन हातात घेतलं आणि लोखंड चालू केलं.

पहिल्याच पावलाला मशीन किंचाळलं. मग त्याने मोजपट्टी लावून दोऱ्या आखल्या, अंगणाचे वीतवीतभर पट्टे पाडले आणि जिथे वाजेल तिथे उकरायला सुरुवात केली. गुरुवारी एक बादली लोखंड निघालं. शुक्रवारी दीड. त्याच्याच हातच्या फसलेल्या किल्ल्या निघाल्या, बिजागऱ्या निघाल्या. बायको पाय जपत ओट्यावर यायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, काही न बोलता आत जायची. त्याचे गुडघे सुजले. मुलगी म्हणाली, “बाबा, पुरे आता.” त्याने ऐकलं नाही.

शनिवारी दुपारी, जुन्या नळाच्या जागेपाशी, दीड वीत खाली, एक लोखंडी आकडा लागला. गंजून अंगठ्याएवढा फुगलेला. आकड्याच्या मागे कुजक्या लाकडाचा भुगा होता. त्याने आकडा तळहातावर घेतला, मातीचा लपका अंगठ्याने पुसला, आणि आकड्याच्या वाकात पिवळं काहीतरी दिसलं.

मग त्याला सगळं आठवलं. नळाशेजारी कपड्यांच्या दोरीचा खांब होता. धुणं धुताना आई साबणाने निसटू नये म्हणून अंगठी काढायची आणि खांबाच्या आकड्याला अडकवायची. त्या वेळीही तशीच अडकवली असणार आणि विसरली असणार. फळीवर ठेवली हे तिला नुसतं वाटलं. खांबाला वाळवी लागली होती. वडिलांनी तो दुसऱ्या दिवशी तोडला आणि तुकडे त्याच्याच खड्ड्यात टाकले. आणि खड्डा बुजवला कुणी? यानेच. सव्वीस वर्षांचा, नवं लग्न झालेला, अंगात रग असलेला. फावड्याने माती ओढली, वर नाचून ती दाबली, आणि हसत हसत नव्या बायकोकडे बघितलं होतं. ती खिडकीत उभी होती.

तो आत गेला. बायको टेबलापाशी वाटाणे सोलत बसली होती. त्याने आकडा अंगठीसकट तिच्यासमोर ठेवला. किती वर्षं त्याने हा क्षण मनात रंगवला होता. ती रडेल, हसेल, निदान हातात तरी घेईल.

तिने हात लावला नाही. एक शेंग सोलून झाली, मग म्हणाली, “नळापाशी होती?”

“हो. खड्डा मीच बुजवला होता.”

“हं.”

“तुला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना,” ती म्हणाली. “मशीन आणलंत तेव्हा मला वाटलं, बरं झालं, माणसाला विरंगुळा मिळाला. पण तुम्ही आधी अंगण घेतलंत. सात वेळा घेतलंत. दर वेळी मोकळ्या हातांनी आत आलात, आणि दर वेळी माझ्या हातांकडे बघितलंत.”

त्याला खोटं बोलता आलं असतं. इतक्या वर्षांचा सराव होता. पण तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “शंका होती मला. नेहमी नाही. पण होती.”

“माहीत आहे मला. सासूबाईंनी माफ तरी केलं. तुम्ही ना कधी विचारलंत, ना सोडून दिलंत.” मग तिने सालं एका बाजूला लोटली. “वन्संना फोन लावा.”

तो झटकन उठला. हे तर त्याच्याही मनात होतं. ताई ऐंशीची झाली होती, पण अजूनही या घरी आली की पर्स उशाखाली घेऊन झोपायची. तिला आज कळायलाच हवं होतं.

“सांगतो तिला,” तो म्हणाला. “चांगलं ऐकवतो. फळीला पाय फुटत नाहीत म्हणे.”

“तसं नाही,” बायको म्हणाली. “अंगठी मिळाली म्हणून सांगा. आणि शंका तुम्हालाही होती हेही सांगा. या वयात सगळा दोष त्यांच्या एकटीच्या डोक्यावर कशाला? त्या निदान तोंडावर बोलल्या.”

त्याच्या बोटांना अजून माती होती. नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. पलीकडून ताईचा खरखरीत आवाज आला, “बोल रे, काय झालं?”

अंगठी टेबलावर होती, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर. तिच्यापासून सुरुवात करणं सोपं होतं.

“ताई,” तो म्हणाला, “आधी माझं ऐक.”

बायकोने पुढची शेंग उचलली होती. ती तिने तशीच खाली ठेवली आणि ऐकत बसली.