चिवट पेशी आणि डॉक्टर थावोर्न

चियांग माईच्या प्रयोगशाळेत डॉक्टर थावोर्न चार वर्षं प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना मारक औषध देत होते आणि पेशी मजेत वाढत होत्या. "माझ्या हातून एवढीच भरभराट व्हायची होती," असं ते स्वतःच म्हणत.

शेवटी त्यांनी निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत पेशींचा चिवटपणा मोडणारं जनुक आत धाडलं आणि पुन्हा औषध दिलं. सकाळी सगळ्या पेशी मेलेल्या! डॉक्टरांनी खुशीत तळलेली केळी वाटली.

"सर, तुलनेसाठी ठेवलेल्या, जनुक न दिलेल्याही मेल्यात," सहकारी पिमचन म्हणाली. "उबवणपेटीचं बटण तुम्ही बंद करून गेलात, सगळ्या गारठल्या."

"म्हणजे औषधापेक्षा मीच जालीम!"

पुढच्या खेपेला पेटी पिमचनने सांभाळली. जनुक दिलेल्या पेशी औषधाने मेल्या, बाकीच्या तगल्या. डॉक्टरांचे डोळे भरून आले.

"शोधनिबंधात लिही," ते म्हणाले, "थावोर्नला पेटीला हात लावू दिला नाही."