गाडीत एक जागा

मटिल्डाने चपला काढल्या, प्लास्टिकच्या स्टुलावर चढली आणि फोटोवरचा झेंडूचा हार दोन्ही हातांनी उचलून काढला. उतरताना गुडघ्याने दगा दिला, म्हणून क्रुसाच्या चौथऱ्याला हात टेकून ती तशीच वर उभी राहिली. फोटोत तिचा मुलगा डिलन हसत होता. अंगात पांढरा झगा, उन्हाने रापलेला चेहरा, मागे आफ्रिकेतल्या कुठल्याशा खेड्यातल्या दवाखान्याची पत्र्याची भिंत. शेजारीच संत गोन्सालो गार्सियाची मूर्ती ठेवलेली, चारशे वर्षांपूर्वी जपानात क्रुसावर प्राण दिलेल्या वसईच्या संताची. दोघे भाऊ असावेत तसे दिसत होते.

"अहो मटिल्डाबाय, पडाल ना!" लेस्ली माइकची वायर तिथेच टाकून धावत आला. गिरीजच्या या क्रुसाजवळची गोन्सालोची नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, दरवर्षी तोच सांभाळायचा. खुर्च्या, माइक, शेवटच्या दिवशीचे उकडलेले चणे, सगळं त्याच्याकडे.

"हा हार कुणी घातला?"

"मीच. निर्मळच्या आशालताताईंनी पहाटे उठून गुंफलाय, फादर डिलनसाठी म्हणून."

"जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का रे?"

"मंत्र्यांना नाही का घालत," लेस्ली बोलून गेला, आणि बोलता बोलताच त्याचं तोंड एवढंसं झालं.

"त्यांच्या गळ्यात घालतात." तिने हार त्याच्या हातात दिला. "गोन्सालोला घाल. त्याला चालेल."

लेस्लीने तिला हात धरून खाली उतरवलं. हार मूर्तीच्या गळ्यात नीट बसवला. मग मान खाली घालूनच म्हणाला, "आज नववा दिवस. तुम्ही दोन शब्द बोलाल का? आई म्हणून. आपल्या वसईला दुसरा गोन्सालो मिळाला असं सगळे म्हणतात. लोकांना तेवढाच धीर येईल."

"लोकांना?" मटिल्डाने चपला पायात सरकवल्या आणि ती घराकडे चालू लागली.

एकतीस दिवस झाले होते. डिलनच्या मिशनवर हत्यारबंद टोळी चालून येणार असा निरोप आदल्या दिवशीच पोचला होता. सिस्टर, मास्तर, त्यांची मुलंबाळं यांना घेऊन मिशनची गाडी निघाली, आणि फादरसाठी तिच्यात एक जागा राखून ठेवली होती. तो बसला नाही. दवाखान्यात सात पेशंट असे होते की ज्यांना खाटेवरून हलवता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी टोळीने त्याला आणि दवाखान्यातल्या एका कामगाराला जंगलात नेलं. तेवढं कळलं, पुढचं काही नाही.

गावात मात्र पुढचं सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं होतं. चर्चमधली मिस्सा सुटली की बायका तिचा हात हातात घेत, कुणी तो डोळ्यांना लावी. "धन्य तुमची कूस," म्हणत. एकीने तर आपल्या तापकरी नातवाच्या डोक्यावर तिला हात ठेवायला लावला होता. तेव्हापासून मटिल्डा पहाटेच्या मिस्सेला शेवटच्या बाकावर बसायची आणि आशीर्वाद व्हायच्या आत उठून निघायची. रोजची जपमाळ चुकली नव्हती. एकवेळचं जेवण सोडलं होतं, तेही पाळत होती. पण मणी बोटांखालून सरकत तेव्हा ती देवाशी एकच गोष्ट बोलत असे, आणि ती बाकीच्यांसारखी नव्हती. त्याला शूर करू नकोस, ती म्हणायची. त्याला पळून जाऊ दे. खोटं बोलू दे. त्यांच्या पाया पडू दे.

घरात पाऊल टाकलं आणि फोन वाजला. डिलनच्या संघाचे वरिष्ठ फादर होते. ते नेहमी हळू बोलत. आज त्याहून हळू बोलले. जंगलात नेलेला तो कामगार निसटून परत आला होता. जंगलात नेल्यापासून नवव्या दिवशी फादर डिलनना ताप चढला, चालवेना, म्हणून दोघांना वेगळं केलं. निघताना फादरनी आपल्या पायातले बूट काढून याला दिले. त्यानंतर त्याने त्यांना पाहिलं नाही.

"म्हणजे काय, फादर?"

"म्हणजे आपल्याला माहीत नाही, आई. आपण देवावर भरवसा ठेवू."

"अनवाणी आहे म्हणजे तो," मटिल्डा म्हणाली. तिने फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुसला, पुन्हा ठेवला. मग मागच्या दाराने वाडीत गेली.

तिचा नवरा थॉमस बावखलाच्या काठावर होता. त्या जुन्या तळ्याचं पाणी पंपाने उपसून तो केळींना सोडत होता. डिलनला नेल्यापासून त्याने वाडीतलं काम दुप्पट केलं होतं आणि बोलणं जवळजवळ सोडलं होतं. क्रुसाजवळ तो आठही दिवस फिरकला नव्हता. मटिल्डाने फोनवरचं सगळं सांगितलं. तो फावड्यावर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिला. बुटांचं ऐकल्यावर त्याने स्वतःच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं.

"अहो, मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "एकतीस दिवस मी हे कुणाला बोलले नाही. कन्फेशनमध्येही नाही."

थॉमसने पंप बंद केला.

"गाडी निघण्याआधी त्याचा मला फोन आला होता. मी दुधी किसत होते. म्हणाला, आई, सगळे निघालेत, गाडीत एक जागा आहे, काय करू? घाबरला होता हो. आवाजावरून मला कळलं. आणि मी..." तिने पदराचं टोक मुठीत गच्च धरलं. "मी म्हटलं, गोन्सालो पळाला होता का रे?"

थॉमसने मान वर केली.

"लहानपणी इंजेक्शनला रडायचा तेव्हा म्हणायचे ना, तसंच. तोंडात बसलेलं वाक्य. विचारच नाही केला. किसणी खालीसुद्धा ठेवली नाही हातातली. तो हसला आणि म्हणाला, बरं. देव त्याला बोलवत होता की नव्हता, मला ठाऊक नाही. मी पाठवलं त्याला. आता लोक माझे हात डोळ्यांना लावतात."

ती बावखलाच्या दगडी कडेवर बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण डोळे कोरडेच राहिले. थॉमस फावडं केळीला टेकवून तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. बराच वेळ तो हातावरचा वाळलेला चिखल नखाने खरवडत होता.

"मला आधी आला होता," तो म्हणाला.

"काय?"

"फोन. तुझ्या आधी. मी बाजारात होतो. मला पण हेच विचारलं त्याने, एक जागा आहे, काय करू. मी म्हटलं, विचारतोस काय गाढवा, बस आधी. पेशंटचं देव बघेल. मी ओरडलोच त्याच्यावर. भाजीवाल्या सगळ्या वळून बघायला लागल्या." तो थांबला. "तो म्हणाला, बरं पप्पा. आईला एकदा विचारतो."

मटिल्डा त्याच्याकडे बघत राहिली.

"क्रुसापाशी मी येत नाही ते त्यामुळेच. सगळे म्हणणार, वीराचा बाप आला. आणि मी त्याला पळ म्हणून सांगितलेलं." त्याने नाक शर्टाच्या बाहीला पुसलं. "माझं ऐकून त्याचं समाधान झालं असतं तर तुला कशाला लावला असता फोन? त्याने ठरवलंच होतं, मटिल्डा. कुणीतरी बरं म्हणायला पाहिजे होतं."

"तुम्ही हे मला सांगितलं का नाही?"

"तू कुठे सांगितलंस?"

केळीच्या आळ्यातलं पाणी भरून वाहत पायवाटेवर आलं होतं. दोघांनीही ते पाहिलं, पण उठलं कुणीच नाही.

संध्याकाळी क्रुसाजवळ खुर्च्या पुरल्या नाहीत. वटारहून माणसं आली होती, होळी बाजाराकडून आली होती. लेस्लीने मटिल्डासमोर माइक धरला, तिने मान हलवली, आणि तो मुकाट्याने मागे सरला. प्रार्थना क्लेमेंटीनबाईंनी सुरू केली. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या पोरांना धर्मशिक्षण दिलं होतं, डिलनलाही. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सगळ्यांबरोबर मटिल्डानेही म्हटलं. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' आलं तसे तिचे ओठ मिटले, आणि 'आमची रोजची भाकर'पाशी पुन्हा उघडले. देवाने ते ऐकलं असणार हे तिला ठाऊक होतं. ऐकू दे, तिने मनात म्हटलं.

मग संतांची लितानी सुरू झाली. क्लेमेंटीनबाई वहीतून एकेक नाव उच्चारत आणि सगळा जमाव एका सुरात उत्तर देई.

"संत फ्रान्सिस झेवियर."

"आम्हांसाठी विनंती कर."

"संत गोन्सालो गार्सिया."

"आम्हांसाठी विनंती कर." या वेळी आवाज मोठा झाला. पुष्कळांचे डोळे फोटोकडे गेले.

क्लेमेंटीनबाईंनी पुढच्या नावासाठी श्वास घेतला. त्याआधीच मटिल्डाचा आवाज आला. माइकशिवाय, आणि फारसा मोठाही नाही.

"गोन्सालोच्या आई."

कुणीच उत्तर दिलं नाही. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. क्लेमेंटीनबाईंनी वहीत पाहिलं, चष्मा वर केला, आणि शाळेतल्या पोरीला विचारावं तसं हळूच विचारलं, "कोण गं? नाव काय तिचं?"

"नाव नाही माहीत, बाई," मटिल्डा म्हणाली. "पण होतीच ना."

लेस्ली माइक छातीशी धरून उभा होता. क्लेमेंटीनबाईंचं बोट वहीतल्या ओळीवर होतं, ते तिथेच राहिलं. मग सगळ्या खुर्च्यांच्या मागून, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांमधून एक जाडाभरडा, बोलण्याची सवय मोडलेला आवाज एकटाच आला.

"आम्हांसाठी विनंती कर."

मटिल्डाने मागे वळून पाहिलं नाही. तिने गुडघे टेकले.