माझ्याकडे ळ नव्हता

मित्रांनो, मी कागदाला भोके पाडणारे एक जुने यंत्र आहे. हसू नका. भोके उंदीरही पाडतो, पण त्याला बघायला कुणी पाहुण्यांना घेऊन येत नाही. मला बघायला येत असत.

माझा जन्म परदेशातला. १९७३ साली मी बोटीने मुंबईला आणि मालगाडीने सोलापूरला आले आणि इथल्या एका सूतगिरणीच्या कचेरीत स्थिरावले. सगळे मला पंचिंग मशीन म्हणत. पहिल्याच दिवशी माझ्यावर हळदकुंकू वाहिले आणि माझ्यासमोर नारळ फोडला. नारळाचे पाणी कळांत शिरले आणि माझे 'के' हे अक्षर बरेच दिवस चिकटत राहिले. सोलापूरकरांच्या मायेची ही पहिली ओळख.

माझे काम सोपे होते. समोर जगदेवी बसे. ती मूळची दुधनीची, घरी कन्नड, कचेरीत मराठी आणि माझ्याशी इंग्रजी. तिने कळ दाबली की मी जाड कार्डात भोके पाडत असे. आकड्याला एक भोक, इंग्रजी अक्षराला दोन. ती कोणत्या जागी पाडली त्यावरून अक्षर ठरे. माणसांच्या सोयीसाठी मी तेच अक्षर कार्डाच्या कडेला बारीक छापतही असे. मुंबईच्या मुख्य कचेरीतला संगणक मात्र फक्त भोके वाचायचा. कार्डांच्या पेट्या रेल्वेने मुंबईला जात आणि तिकडून छापील कागदांची भेंडोळी येत.

माझ्याकडे इंग्रजीची सव्वीस अक्षरे होती, दहा आकडे होते आणि काही चिन्हे होती. त्यात डॉलरचे चिन्हही होते. सोलापुरात मला ते एकदाही लागले नाही. ळ माझ्याकडे नव्हता. तो रोज लागायचा.

त्यामुळे माझ्या हातून कोळ्यांचे कोली झाले आणि साठ्यांचे साथे झाले. लोक मला नावे ठेवत. मला त्यांची नावे ठेवता येत नव्हती, हे कुणी लक्षात घेतले नाही.

आता वच्छला मुळेची गोष्ट ऐका.

वच्छला गिरणीच्या रीलिंग खात्यात, म्हणजे सुताच्या लडी करायच्या खात्यात, बदली कामगार होती. बदली म्हणजे काय, तर सकाळी भोंगा झाला की गेटवर येऊन उभे राहायचे. आत कुणी गैरहजर असेल तर त्या दिवसापुरते काम मिळायचे, नसेल तर घरी परत. अशी कित्येक वर्षे गेल्यावर तिचे नाव कायम करायच्या बायकांत आले. ती त्या दिवशी आमच्या खोलीत आली आणि दाराशीच उभी राहिली.

"आत या की अक्का," जगदेवी म्हणाली. "चावत न्हाय ते."

"कायम झाले म्हंजे गेटवर थांबायला नगं ना?" वच्छलाने विचारले.

"का? पाय दुकतात?"

"पायाचं न्हाय गं. सकाळी उटलं की मनात येतं, आज कोन तरी आजारी पडू दे. लई वंगाळ वाटतं बग."

जगदेवीने कार्ड घातले आणि माझ्या कळा दाबल्या. नावाचे पहिले अक्षर आणि आडनाव, अशी पद्धत होती. वच्छलाचा व्ही आणि मग मुळे. मी कडेला छापले, V MULE. ळ मागितला गेला होता, मी एल दिला. दुसरे होते काय माझ्याकडे?

काही आठवड्यांनी भेंडोळे आले. कायम झालेल्या बायकांत वच्छला नव्हती. सोबतच्या पत्रात मात्र असे होते, की रीलिंग खात्यात पाच जुनी म्यूल यंत्रे पडून असल्याचे आढळले, ती ताबडतोब भंगारात काढावीत.

म्यूल हे सूत कातायच्या एका जुनाट यंत्राचे इंग्रजी नाव. व्ही हा रोमन आकड्यांतला पाच. मुंबईकरांचे गणित बिनचूक होते. कार्ड माणसाचे की यंत्राचे हे सांगणारा एक रकाना पूर्वी कार्डावर असे, पण आमचे गाढे साहेब मुंबईला संगणकाचा कोर्स करून आले आणि जागा वाचवायची म्हणून त्यांनी तो काढून टाकला. वाचलेली जागा रिकामीच राहिली.

"साहेब, मी बाईमानूस हाय," वच्छला गाढे साहेबांना म्हणाली. "भंगार न्हाय."

"मला दिसतंय हो," गाढे साहेब म्हणाले. "कॉम्प्युटरला दिसत नाही. लिहितो मी."

त्यांनी मुंबईला कळवले, की व्ही म्यूल ही स्त्री आहे. उत्तर आले, की इंग्रजीत जहाजाला स्त्री म्हणतात हे आम्हाला ठाऊक आहे, सूतगिरणीच्या धंद्यात तशी प्रथा नाही. पत्रावर साहेबांचे नाव पडले होते, 'श्री. गधे'. साहेबांनी ते पत्र घडी करून खिशात ठेवले. तेव्हापासून ते माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागले.

त्या दुपारी जगदेवीने माझ्या सगळ्या कळा एकेक करून पाहिल्या. मग स्वतःशीच म्हणाली, "आमच्या कन्नडातबी ळ हाय की. मग ह्या मशिनीत का न्हाय?"

माझ्यात एक खास कळ होती. ती दाबून धरली की एकाच अक्षराच्या उभ्या रांगेत हवी तितकी भोके पाडता येत. जगदेवीने ती धरली आणि ळ बनवला. वर दोन भोके, खाली दोन भोके, ळच्या दोन पोटांसारखी. मित्रांनो, मी हजारो कार्डांत भोके पाडली, पण त्या चार भोकांच्या वेळी माझा आवाज निराळा आला असे मला आजही वाटते.

कार्ड मुंबईला गेले आणि परत आले. त्यावर लाल पेन्सिलीने लिहिले होते, 'कार्ड फाटलेले आहे.'

भोकांना जागा होती. भोके नीट पडली होती. फक्त या भोकांना ळ म्हणायचे, असे सोलापूरने आणि मुंबईने मिळून ठरवलेले नव्हते. एका टोकाने लिहिलेले दुसऱ्या टोकाला मान्य नसेल तर ते अक्षर नसते, ते नुसते भोक असते.

आणि मग भंगारवाला कल्लप्पा बैलगाडी घेऊन गेटवर आला. त्याच्याकडे मुंबईचा लेखी हुकूम होता. गाडी त्याने आमच्या खिडकीसमोरच्या गेटात आडवी लावली. वच्छला नेहमीप्रमाणे तिथे उभीच होती. आत गाढे साहेबांना निरोप गेला आणि तेही आले.

"म्यूल कुटं हायत?" कल्लप्पाने विचारले.

"मुळे मीच," वच्छला म्हणाली.

कल्लप्पाने तिला खालून वर पाहिले. "आन् बाकीच्या चार?"

"अरे, या बाई आहेत, म्यूल नाहीत," साहेब म्हणाले.

"मग न्हाईत म्हनून मुंबईला सांगा की साहेब. मी रिकामी गाडी न्हेनार न्हाई."

गाडी हलेना आणि सुताचा ट्रक आत येईना, तेव्हा गाढे साहेबांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. आमच्याच खोलीत फोन होता, म्हणून मी सगळे ऐकले.

"मुळे. ल नाही, ळ. कमळातला ळ... नाही हो, कमल नावाची कोणी नाही. कमळ. फूल, फूल... कसलं तिचं कार्ड पाठवू? कमल नाहीच आहे."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "बरं, नाव राहू द्या. नंबर घ्या. प्रत्येकाला नंबर देतो. नंबरात तर ळ नाही ना?"

नंबरात ळ नव्हता. सगळे खूश झाले. कल्लप्पा 'म्यूल नाहीत' अशी चिठ्ठी घेऊन गेला आणि पुढच्या भेंडोळ्यात एक नंबर कायम झाला. तो वच्छलाचा होता.

ती कार्ड बघायला आली. जगदेवीने तिला भोके दाखवली.

"ह्यात माझं नाव कुटं हाय?"

"नाव न्हाय अक्का. नंबर हाय."

"बरं झालं. आता कुनी आजारी पडाया नगं," वच्छला म्हणाली. पण ती गेली नाही. जरा वेळाने तिने कोपरा दुमडून वाया गेलेले एक कोरे कार्ड मागून घेतले, जगदेवीची पेन्सिल घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूला सावकाश लिहिले. जगदेवीने वाचले, "वच्छला मुळे." ळ सगळ्यांत मोठा काढला होता. ते कार्ड तिने माझ्या खणात ठेवले.

मला ते वाचता आले नाही. त्यात एकही भोक नव्हते.

मित्रांनो, आज मी गोदामात आहे. माझ्यावर कुणीतरी पाण्याचा माठ ठेवला आहे आणि तो झिरपतो. मला पुसा, मला तेल घाला, असे मी म्हणणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, माझ्याहून शहाणी यंत्रे बनवाल. त्यांना चालवण्याआधी एकदा गेटवर जा, तिथे उभ्या असलेल्या माणसांना त्यांची नावे विचारा आणि ती यंत्रांना लिहिता येतात का ते बघा. डॉलरचे नंतर बघू.

आणि गोदामात आलात तर माझा खण उघडून ते कार्ड तेवढे मोठ्याने वाचा. गिरणीच्या कार्डावरून तिचे नाव आजवर एकदाच बरोबर वाचले गेले आहे.