परमँगनेटमधलं पाणी

शेवंती परब कॉलेजात केमिस्ट्रीची विभागप्रमुख झाली आणि तिच्या टेबलावर नावाची पाटी यायच्या आतच आकांक्षाचा फोन आला.

"शेवू, ओळखलंस का? आकांक्षा! अगं, तुमच्या कॉलेजात केमिस्ट्रीची जागा निघालीय ना, मी अप्लाय केलंय. वेबसाइटवर तुझं नाव बघितलं आणि म्हटलं, चला, टेन्शनच गेलं. घरचंच काम आहे."

शेवंतीच्या हातातला खडू मोडला. पण आवाज तिनं सरळ ठेवला. "ये ना," ती म्हणाली. "बघू."

फोन ठेवून ती खिडकीशी गेली. परळच्या कॉलेजच्या जुन्या इमारतीच्या खिडकीतून आता समोरच्या टॉवरच्या काचा तेवढ्या दिसत. ही बाई आपल्याला विसरलेली नाही, याचं तिला नवल वाटलं नाही. स्वतः काय केलं तेच ती विसरली आहे, याचा मात्र संताप आला. 'घरचंच काम' म्हणे!

एका अर्थानं खरंच होतं ते. बीएस्सीची तीन वर्षं आकांक्षा देसाई लालबागला शेवंतीच्या एका खोलीच्या घरात घरच्यासारखीच वावरली होती. राहायची शिवाजी पार्कला, वडील मोठे डॉक्टर, पण गणितं म्हटली की ती वही मिटायची. मोल, नॉर्मॅलिटी, विरलीकरण, सगळा अंधार. शेवंतीनं तिला खाली बसवून शिकवलं. "आधी प्रश्नात काय दिलंय ते लिही. मग काय दिलेलं नाही ते लिही. नसलेलं गृहीत धरलंस की मेलीस," असं ती सांगायची. शेवंतीची आई तिच्या ताटात बांगड्याचा मोठा तुकडा वाढायची आणि शेवंतीला शेपटीकडचा.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला दोघींची बाकं शेजारी आली. ज्या मुलीला सगळ्यांत जास्त मार्क पडतील तिला एका मोठ्या संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी जागा आणि राहण्याखाण्यासकट शिष्यवृत्ती मिळणार होती. लेखी परीक्षेत शेवंती पुढे होती. वर्गात कुणालाच शंका नव्हती. हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभे राहणारे तिचे बाबा गिऱ्हाइकांना साडी उलगडून दाखवता दाखवता सांगायचे, "आमची मुलगी पहिली येतेय यंदा."

प्रयोग साधा होता. जांभळ्या परमँगनेटची ताकद आधी ऑक्झॅलिक ॲसिडवर तपासायची, मग त्याच परमँगनेटनं दिलेल्या द्रावणातलं लोखंड मोजायचं. पहिला भाग शेवंतीनं डोळे मिटून करावा तसा केला. मग परमँगनेटची बाटली बाकावर ठेवून ती लोखंडाचं द्रावण आणायला खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे रांग होती. परत आली तेव्हा आकांक्षा आपल्या ब्यूरेटवर, थेंब मोजायच्या त्या उभ्या नळीवर, वाकलेली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आलं का गं रीडिंग?"

"पहिलं आलं," शेवंती म्हणाली.

दुसरं टायट्रेशन, म्हणजे रंग पालटेपर्यंत थेंब थेंब सोडून मोजणं, तिनं तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तोच आकडा आला. हात अगदी स्थिर होता. उत्तर तपासताना परीक्षक म्हणाले, "कॅल्क्युलेशन बरोबर आहे, मुली. हात चुकलाय." उत्तर खऱ्यापेक्षा चौथाईनं जास्त होतं. प्रॅक्टिकलचे मार्क कोसळले. जागा आकांक्षाला मिळाली.

त्या आठवड्यात शेवंती घरात भिंतीकडे तोंड करून तेच गणित उलटं सोडवत बसली. तीन रीडिंग एकसारखी येतात तेव्हा हात चुकलेला नसतो. पहिला भाग बरोबर होता. म्हणजे दोन टायट्रेशनच्या मधल्या वेळात परमँगनेटच पातळ झालं. चार भाग परमँगनेटला एक भाग पाणी. परमँगनेटचा रंग इतका गडद असतो की एवढ्यानं तो डोळ्यांना फिका दिसत नाही. आपोआप तर पाणी पडत नाही. आणि त्या बाकापाशी दुसरं कोणी नव्हतं.

तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगून पुरावा काय देणार? आकांक्षा पेढे घेऊन घरी आली तेव्हा शेवंती झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली. बाबांनी पेढा घेतला, आकांक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. मग रात्रीच्या जेवणाला शेवंतीला म्हणाले, "घाबरलीस, होय ना? होतं असं. आपल्या घरात कोणी एवढी मोठी परीक्षा दिलीच नव्हती." बाबा गेले तेही हेच मनात धरून, की पोरगी ऐन वेळी घाबरली.

पुढे शेवंतीनं दादरच्या क्लासमध्ये मुलांना गणितं शिकवत एमएस्सी केलं, पीएचडी केली, कॉलेजात लागली. कष्टांचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की जगात एक माणूस असा आहे ज्याला खरं माहीत आहे, आणि तो सुखानं जेवतोय.

मुलाखतीच्या आधी तिच्यासमोर एक कागद आला. उमेदवारांपैकी कोणी नात्यातलं वा ओळखीचं नाही, असं त्यावर लिहिलं होतं. शेवंतीनं सही केली. खोटी सही आपण आयुष्यात पहिल्यांदाच करतोय, हे तिला कळत होतं.

निवड समितीत तिघं होती. प्राचार्य रामदास पेडणेकर, विद्यापीठाकडून आलेले तज्ज्ञ डॉक्टर नोएल परेरा आणि शेवंती. परेरा सर गिरगावातले, निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर ठेवून ऐकणारे. लोक म्हणत, सर झोपलेत असं समजून कुणी बोलू नये.

आकांक्षा आत आली. अंगावर फिकट निळी साडी, केसांत थोडे पांढरे. कंपनीतली नोकरी सुटली होती, संसार मोडला होता, वडील अंथरुणाला खिळले होते, हे तिनं मागाहून केलेल्या फोनवर सांगितलंच होतं. शेवंतीला पाहून ती हसली. शेवंतीही हसली.

डेमो लेक्चर छान झालं. आकांक्षा बोलायची गोड, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. प्राचार्य मान डोलवत होते. "मॅडम, तुम्हाला काही विचारायचंय?" त्यांनी शेवंतीकडे पाहिलं.

"एकच," शेवंती म्हणाली. "सोपं आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घालतो तसं."

तिनं सावकाश सांगायला सुरुवात केली.

"एका मुलीनं परमँगनेट तपासलं. पॉइंट वन नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिडच्या दहा मिलीला परमँगनेट लागलं दहा मिली. मग त्याच परमँगनेटनं लोखंडाच्या द्रावणाचे दहा मिली टायट्रेट केले. तीन वेळा. तिन्ही वेळा दहा. त्यावरून लोखंड आलं लिटरला साडेपाच ग्रॅमच्या जरा वर. खरं उत्तर होतं साडेचारच्या जरा खाली. आकडेमोडीत चूक नाही. मग काय झालं असेल?"

आकांक्षा आकडे लिहीत होती. शेवटची ओळ लिहिताना तिचा हात मंदावला. तिनं वळून पाहिलं. शेवंती अजून हसतच होती.

"ब्यूरेट नीट धुतली नसेल," आकांक्षा म्हणाली.

"मग तिन्ही रीडिंग सारखी कशी येतील?"

"रंग पालटल्यावरही थेंब पडत राहिले असतील, एंड पॉइंट पुढे गेला असेल."

"दोन मिलीनं?" परेरा सर चष्मा डोळ्यांवर ओढत म्हणाले. "तिन्ही वेळा? कम ऑन, मॅडम. विचार करा."

आकांक्षाच्या ओठावर घाम आला. शेवंती ते सगळं डोळे भरून पाहत होती. आता माघार नव्हती. येत नाही म्हटलं तर एवढं साधं गणित न येणाऱ्या बाईला नोकरी कोण देणार? आणि येतंय म्हटलं तर ते सोडवायचं होतं, तिच्याच हातानं, तिच्याच मोत्यासारख्या अक्षरात. किती वर्षं शेवंतीनं मनात हा फळा मांडला होता!

आकांक्षा फळ्याकडे वळली. आठ मिली लागायला हवे होते, असं लिहिलं. दहाला आठनं भागलं. खडू कुरकुरला.

"दोन टायट्रेशनच्या मध्ये परमँगनेट पातळ झालं," ती फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली. "त्यात पन्नास मिली पाणी पडलं."

"व्हेरी गुड!" प्राचार्य म्हणाले.

"एक मिनिट." परेरा सर पुढे सरकले. "पन्नास कुठून आलं?"

परेरा सरांनी फळ्याकडे बोट केलं.

"मूळ परमँगनेट किती होतं ते या प्रॉब्लेममध्ये दिलेलंच नाही. चाराला एक, एवढंच निघतं. शंभर असेल तर पंचवीस, चारशे असेल तर शंभर. पन्नास कसं काढलंत?"

"सर, मी... दोनशे धरले."

"का?"

आकांक्षानं खडू खाली ठेवला. बाटलीत तेव्हा नक्की किती उरलं होतं ते शेवंतीलाही ठाऊक नव्हतं. तिला फक्त प्रमाण माहीत होतं. पन्नास हा आकडा जगात एकाच माणसाला माहीत असू शकत होता, आणि तो आत्ता त्याच माणसाच्या तोंडून बाहेर पडला होता.

"सर, त्यांनी धरले नाहीत," शेवंती म्हणाली. "त्यांनी ओतले. ती मुलगी मी होते."

"शेवू, प्लीज," आकांक्षा म्हणाली, आणि रडू लागली.

परेरा सरांनी पेन खाली ठेवलं. आधी आकांक्षाकडे पाहिलं, मग शेवंतीकडे. "म्हणजे तुम्ही एकमेकींना ओळखता. आणि तुम्ही सही केलीत, डॉक्टर परब."

"हो सर. केली."

"धिस इज नॉट राइट."

"माहीत आहे, सर."

प्राचार्यांनी मुलाखत तिथंच थांबवली. पुढे यथावकाश दुसरी समिती बसली, तिच्यात शेवंती नव्हती. तिला मेमो मिळाला, आणि विभागप्रमुखाची खुर्ची वर्षभरासाठी तिच्या हाताखालच्या माणसाकडे गेली. आकांक्षानं अर्ज मागे घेतला. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी दोघी लॅबबाहेरच्या पॅसेजमध्ये समोरासमोर उभ्या राहिल्या. आकांक्षाचं काजळ पसरलं होतं.

"झालं तुझं समाधान?"

"नाही अजून."

"मी एकोणीस-वीस वर्षांची होते गं! पप्पांनी सांगितलं होतं, तोंड दाखवू नकोस नंबर आला नाही तर. मी कसल्या घरातून आले ते तुला..."

"तू माझ्या घरातून जेवून आली होतीस," शेवंती म्हणाली. "त्या दिवशी सकाळीसुद्धा."

आकांक्षानं मान खाली घातली. "सॉरी म्हणते ना. पाया पडू?"

"माझ्या नको. सॉरी मला सांगूही नकोस, मला आधीपासून माहीत होतं. चल माझ्याबरोबर. आईला सांग."

"आत्ता?"

"बाबांना सांगायचं राहिलं. ते गेले. आई आहे अजून. तिला वाटतं तिची मुलगी घाबरली होती."

आकांक्षा आली. नाही म्हणायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं की तिला खरंच यायचं होतं, ते शेवंतीनं विचारलं नाही.

आई लालबागची खोली सोडायला तयार नव्हती, म्हणून शेवंतीनं तीच नीट करून घेतली होती. आई दारातच कोथिंबीर निवडत बसली होती. तिनं आकांक्षाला लगेच ओळखलं. "गो बाय माझे! किती दिवसांनी!" म्हणत उठायला लागली.

"बस आई," शेवंती म्हणाली. "ही काहीतरी सांगतेय, ते ऐक."

आकांक्षानं सांगितलं. उभ्या उभ्या, अडखळत. आईला परमँगनेट कळलं नाही, ब्यूरेट कळली नाही. तिनं मध्येच एक प्रश्न विचारला.

"म्हणजे माझ्या चेडवाचो, ह्या शेवंतीचो, हात चुकलेलो नाय?"

"नाही, काकी. मी पाणी घातलं."

"आणि तू पेढे घेऊन इलंस. हेंनी तुझ्या डोक्यार हात ठेवलो."

आईनं कोथिंबिरीची काडी खाली ठेवली. स्टोव्हवर चहाचं आधण नुकतंच चढवलेलं होतं. आई उठली आणि तिनं स्टोव्ह बंद केला. मग भिंतीवरच्या बाबांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली.

आकांक्षानं वाकून तिचे पाय धरले. आईनं पाय मागे घेतले.

कोकणातल्या माणसाच्या घरातून उठणाऱ्या पाहुण्याला कोणी 'जा' म्हणत नाही. भांडून निघालेल्या भावालासुद्धा 'ये' म्हणतात. शेवंतीनं उभ्या आयुष्यात आईच्या तोंडून कुणासाठी दुसरा शब्द ऐकला नव्हता.

"जा," आई म्हणाली.

आकांक्षा जिना उतरून गेली. शेवंतीला वाटलं होतं की आता आपल्याला हलकं वाटेल, निदान थोडं वाईट तरी वाटेल. तसलं काही झालं नाही. तिला कडकडून भूक लागली. ती हात धुऊन आईशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "वाढ गं काहीतरी."