रेशाद-आगाची स्वच्छ स्म्रेका

रेशाद-आगाला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी अंगातला आरोग्य निरीक्षक काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. बोस्नियातल्या ट्राव्हनिक गावच्या खाणावळींत तीस वर्षं लोकांच्या पातेल्यांत नाक खुपसलेला माणूस. आता खुपसायला घरचंच स्वयंपाकघर उरलं होतं.

त्यात त्याची आई गेली. मोहल्ल्यात पहिला रोजा सोडायची स्म्रेका, म्हणजे आंबवलेलं सरबत, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घरची. डोंगरावरच्या ज्युनिपरच्या झुडपांची काळी-निळी फळं बरणीभर पाण्यात टाकायची आणि गप्प बसायचं. फळं आधी वर तरंगतात, पाणी हळूहळू आंबतं, आणि शेवटचं फळ तळाला बसलं की स्म्रेका झाली. शेजारच्या शेफिकामावशीचा या मानावर वीस वर्षं डोळा. तिनं मयताच्या घरीच विचारलं, "यंदा कोण घालणार? नाहीतर मी घालते हो."

"मी घालणार. आईनं मला शिकवलंय," रेशाद-आगा म्हणाला.

आईनं त्याला कपाळ शिकवलं होतं! सव्वीस वर्षं सासूच्या हाताखाली बरणी भरली ती नफियानं, त्याच्या बायकोनं. ती एवढंच म्हणाली, "अहो, फळं गार पाण्यातून नुसती काढा. गरम पाणी लावू नका."

"डोंगरावर मेंढ्या फिरतात, कोल्हे फिरतात. जंतू किती असतील, कल्पना आहे तुला?"

"त्या जंतूंनीच तर आंबतं ते."

"तू मला जंतू शिकवणार?"

आणि या शहाण्यानं तीन वेळा उकळतं पाणी ओतून फळं धुतली. बरणीतलं पाणीसुद्धा उकळून गार केलेलं. वर तारीख घातलेली चिठ्ठी डकवली. रमझानला चाळीस दिवस होते. कॉफीच्या दुकानात जाऊन त्यानं जाहीर केलं की यंदा मोहल्ला पहिल्यांदाच स्वच्छ स्म्रेका पिणार आहे.

दहा दिवस झाले. पाण्याला ना रंग, ना वास. फळं आपली वर, मजेत. शेफिकामावशी साखर मागायच्या निमित्तानं आली आणि साखर विसरून बरणीकडेच बघत बसली.

"पोहतायत रे अजून."

"बसतील. शास्त्रीय पद्धतीला वेळ लागतो."

ती गेल्यावर त्यानं गाळणं घेतलं, वरची मूठभर फळं उचलली आणि परसात आलुबुखाराच्या झाडामागे फेकून दिली. दुसऱ्या दिवशी आणखी मूठभर. जे तरंगेल ते काढायचं, म्हणजे उरलेलं सगळं तळालाच! आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडणाऱ्याला स्वतःची ही युक्ती फार आवडली. महिन्याभरात बरणीच्या तळाशी पाणी पिऊन जड झालेली वीसेक फळं राहिली, आणि वर विहिरीच्या पाण्यासारखं नितळ पाणी. त्यानं शेफिकामावशीला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती बरणीला नाक लावून निघून गेली, हे त्यानं विजय म्हणून मोजलं.

पहिला रोजा. रोजा सुटल्याची किल्ल्यावरची तोफ झाली. इमामसाहेब, शेफिकामावशी आणि गल्लीतले पाचसहा जण खजूर तोंडात टाकून पेल्यांकडे वळले. दिवसभराची तहान. सगळ्यांनी एक एक घोट घेतला आणि सगळे एकदम थांबले.

"हलकी आहे," इमामसाहेब म्हणाले. देवाचा माणूस, त्याला जपून बोलावं लागतं.

"तुझ्या विहिरीचं पाणी मात्र गोड हो, रेशाद," शेफिकामावशी म्हणाली. "आता पुढच्या वर्षीपासून मीच—"

रेशाद-आगाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आईच्या घरचा मान त्याच्याच हातांनी, त्याच्याच टेबलावरून उठून शेजारी चालला होता. तेवढ्यात तळघरातून नफिया सासूची जुनी बरणी घेऊन आली. पाणी पिवळसर, झाकण काढताच फस्स झालं, आणि एकूण एक फळ तळाला. तिनं पेले भरले. इमामसाहेबांनी पेला एका दमात रिकामा करून पुन्हा पुढे केला. शेफिकामावशीनं डोळे मिटले. "अगं बाई! ही तर थेट तुझ्या सासूच्या हातची."

"मी दोन बरण्या घातल्या होत्या," रेशाद-आगा पटकन म्हणाला. रोजा सुटला होता, आता खोटं बोलायला कोणाची भीती? "ही खरी. आधीची नुसती घसा ओला करायला."

"वा! मग पद्धत सांगा ना," इमामसाहेब म्हणाले.

रेशाद-आगानं बायकोकडे पाहिलं. तिनं सोमुन रोटीचा तुकडा मोडला, चिजात बुडवला, शांतपणे चावला.

"मी सांगते. यांनी रोज आलुबुखाराच्या मागे फेकलेली फळं गोळा करायची. माती, मुंग्या लागल्या असतील तर लागू द्यायच्या. त्यात डोंगरावरची दोन मुठी न धुतलेली फळं घालायची. एवढंच."

शेफिकामावशी हसता हसता खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. इमामसाहेबांनी दाढीत हसू लपवलं आणि पेला पुढे केला, नफियापुढे. "पुढच्या वर्षीही तुम्हीच घाला, नफियाताई."

मान घरात राहिला. फक्त हातभर सरकला.

त्या रमझानचे उरलेले सगळे रोजे तोफ झाली की नफिया सगळ्यांना सासूच्या बरणीतली स्म्रेका द्यायची. रेशाद-आगापुढे मात्र चिठ्ठीवाली बरणी ठेवायची.

"घ्या ना," म्हणायची. "स्वच्छ आहे."