शालनचं बोट

"हळू धर. देव हातातून पडला तर दुसरा करता येतो. ह्यो मानूस हाय."

माझ्या कानांवर पडलेला हा पहिला आवाज. चिंचवडचे मूर्तिकार रंगराव आपल्या बायकोला सांगत होते. माझे कान तेव्हा अजून ओलेच होते.

मित्रांनो, मी एक जुना, कागदाच्या लगद्याचा माणूस आहे. डोकं आहे, धड आहे, हातपाय नाहीत. छातीपोटावरच्या झाकणाची आकडी काढली की आतला सगळा संसार दिसतो. आज मी ताथवड्याच्या एका शाळेत कपाटावर बसून असतो. माझं एक मूत्रपिंड कुठं गेलं कोणाला ठाऊक नाही, आणि आतड्यांच्या वेढ्यांत कोळ्यानं घर केलं आहे. पण पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराला मला मोठा मान होता.

गणपतीचा हंगाम सरला की रंगरावांचे हात रिकामे होत. अशाच एका वर्षी एका डॉक्टरांनी त्यांना चित्रं आणून दिली आणि मला घडवायला सांगितलं. रद्दी भिजली, कुटली, तिच्यात खळ आणि शाडू मिसळला. रंगरावांनी यकृत केलं, जड आणि तांबूस, उजव्या बरगड्यांच्या आडोशाला. काळीज केलं मुठीएवढं. शिरांना नीळ लावली, धमन्यांना कुंकवाचा रंग. फुप्फुसांशी मात्र ते अडले. डाळिंबाच्या फुलाचा रंग दिला, पुसला, पुन्हा फिका करून दिला.

"जन्मभर देवाची पोटं केली," ते म्हणाले, "आत काय असतं ते आज कळतंय."

"कळलं ना? मग भाकरी खाऊन घ्या. तुमचं बी रिकामंच हाय," बायको म्हणाली.

तिथून मी पिंपळे गुरवला आलो. नर्स अंबूबाई दर शनिवारी चावडीशेजारच्या खोलीत गावातल्या बायांना शरीराची ओळख करून देत. पहिल्या दिवशी मला बघून बायांनी तोंडाला पदर लावले.

"आगं, उघडाच बसलाय की ह्यो. लाज न्हाई व्हय ह्याला?"

"लाज ठेवील कुठं? आत समदी आतडीच भरलीत," रुक्मिणीबाई म्हणाल्या. सगळी खोली हसली. मग त्यांनीच आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा माझ्या कमरेला गुंडाळला आणि माझं नाव लगदोबा ठेवलं.

अंबूबाई एकेक अवयव काढून हातात देत. जठर अन्न घुसळतं, लहान आतडं त्यातला रस घेतं, रक्त तो अंगभर पोचवतं, फुप्फुसं त्याच रक्ताला वारा पाजतात. कोणी एकटं राबत नाही. बाया ऐकत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर ते ऐकलेलं गात:

फुफुसं दोघी बहिणी, एका दारानं वारा घेती
एक पडली आजारी, दुजी जागते सारी राती

सासूसमोर सुनेनं आपल्या अंगाचं दुखणं बोलायचं नाही, अशी तेव्हाची रीत होती. तोंडानं बोलायचं नाही. पण लगदोबाला बोट लावायला कोणाची मनाई होती? एखादी सून माझ्या ओटीपोटावर बोट ठेवी, एखादी कमरेशी. अंबूबाई समजून घेत आणि औषध देत. दुखणी माझ्या अंगावर उमटत आणि बायांच्या अंगावरून उतरत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

शालन ही रुक्मिणीबाईंची सून. तिचा नवरा दत्तोबा पिंपरीच्या नव्या कारखान्यात पाळीवर जाई. एका शनिवारी शालनचं बोट माझ्या उजव्या फुप्फुसावर आलं. बोट गार होतं. तेवढ्यात रुक्मिणीबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. बोट बरगड्यांवरून खाली घसरलं आणि जठरावर थांबलं.

"पित्त हाय तिला," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

अंबूबाईंनी पित्ताची पूड दिली. पुढच्या शनिवारीही बोट पोटावरच. तिच्या बांगड्या सैल होऊन कोपराकडे सरकू लागल्या. खोकला आला की ती पदराचा बोळा तोंडात धरी. घरात नणंदेचं, इंद्रायणीचं लग्न ठरत होतं, दापोडीच्या चांगल्या घरात. घरात क्षय आहे असं नुसतं कानावर गेलं तरी ठरलेली सोयरीक मोडे, असे ते दिवस. शालन का गप्प आहे ते मी ओळखलं होतं. माझ्या तोंडात जीभ आहे, रंगरावांनी ती नीट रंगवली आहे. पण रंगवलेली जीभ काय बोलणार?

लग्न झालं. शालननं मांडवातल्या बायांची सगळी उस्तवार केली. मग एके सकाळी नदीवर धुणं धुताना ती मटकन खाली बसली, तिला उठताच येईना. धुण्यावर रक्त सांडलेलं. दत्तोबानं तिला बैलगाडीतून नदीपल्याडच्या क्षयाच्या दवाखान्यात नेलं. तेव्हा या रोगावर नवी इंजेक्शनं आली होती. "थोडं आधी आणायला हवं होतं," तिथले डॉक्टर म्हणाले. बैलगाडी रिकामी परत आली.

मित्रांनो, माझी छाती कोणीही आकडी काढून उघडू शकतं. तुमची तशी उघडता येत नाही. म्हणून दुखलं तर दुखतंय म्हणा, आणि जिथं दुखतं तिथंच बोट ठेवा. घरात कोणी गप्प गप्प असेल, तर त्याच्याजवळ बसा. काळजी घेणं म्हणजे नुसतं औषध आणणं नव्हे. दुखणं सांगायला माणसाला जागा करून देणं.

त्यानंतर वर्गाला बाया येईनाशा झाल्या. अंबूबाईंनी बदली मागून घेतली. निघायच्या दिवशी त्या माझे अवयव एकेक करून पेंढ्यात गुंडाळत होत्या. दाराशी रुक्मिणीबाई आल्या आणि उंबऱ्यावरच टेकल्या.

"चाललात व्हय, बाई?"

"हो. इथं कोणत्या तोंडानं राहू, रुक्मिणीबाई? दर शनिवारी पोर माझ्यासमोर यायची. दुखणं छातीत, आणि मी पोटाचं औषध देत राहिले. मला कळायला हवं होतं. नाही कळलं."

अंबूबाई फुप्फुसं हातात घेऊन तशाच बसल्या. रुक्मिणीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तुमास्नी कळंल कसं, बाई? आमी कळू दिलंच न्हाई." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "परसात तिला पयलं रगत पडलं, तवा म्या माझ्या हातानं त्यावर राख टाकली. तिला म्हनलं, इंदूचं लगीन हुईस्तवर पोटावर बोट ठेव. एकदा ती म्हनली, आत्याबाई, आता सांगू का? म्या म्हनलं, थांब. ती थांबली, बाई. माझं ऐकून थांबली."